लहान मुलांच्या भावनिक व विकासात्मक अडचणी : पालकांनी काय ओळखावे, काय करावे

वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती देणगी जमा झाली व तिचा विनियोग कसा झाला, याचा हिशेब आम्ही दरवर्षी या अहवालातून आपल्यासमोर ठेवतो. तो आवश्यकच आहे. परंतु बालरुग्ण विभागात रोज घडणारे एक काम त्या आकड्यांत मावत नाही. ताप, जुलाब वा खोकल्यासाठी आणलेल्या मुलाची तपासणी संपते, आई औषधाची चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधते आणि दारापर्यंत गेल्यावर मागे वळून हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, ह्यो आजून बोलंना झालाय, काय करावं?" कधी प्रश्न असतो अंथरूण ओले करण्याचा, कधी जमिनीवर लोळण घेऊन केलेल्या हट्टाचा, कधी रात्री दचकून उठण्याचा. बाहेर रांग मोठी असते. तरीही पुष्कळदा त्या मुलाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा असतो.

या प्रश्नांची उत्तरे जिल्ह्यातील पालकांपर्यंत पोहोचावीत आणि आपण दिलेल्या साहाय्यातून या विभागात नेमके काय चालते हे देणगीदारांना व विश्वस्तांना कळावे, या दुहेरी हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

वाढ आणि विकास

मुलाचे वजन व उंची वाढणे म्हणजे वाढ. मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे, माणसे ओळखणे, रुसणे, रुसवा सोडणे, दुसऱ्याबरोबर खेळणे या क्षमता येणे म्हणजे विकास. वाढ काट्यावर मोजता येते, म्हणून तिच्याकडे सर्वांचे लक्ष असते. विकासाला काटा नाही, त्याला पाहणारा डोळा लागतो, आणि तो डोळा आई-वडिलांइतका जवळचा दुसऱ्या कोणाचाही नसतो. मेंदूची बहुतांश वाढ पहिल्या पाच वर्षांत होते, त्यातही पहिली तीन वर्षे विशेष मोलाची. म्हणूनच या वयात लक्षात आलेली अडचण सुधारण्यास जितका वाव असतो, तितका तो पुढे राहत नाही.

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते हे खरेच आहे. एखादे दहाव्या महिन्यात पाऊल टाकते, एखादे पंधराव्या. तथापि, या गतीलाही मर्यादा आहेत. पुढीलपैकी काही आढळल्यास वाट न पाहता मुलाला तपासणीसाठी आणावे :

• तीन महिन्यांपर्यंत आईकडे पाहून हसत नाही.
• पाच महिन्यांपर्यंत मान धरत नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही.
• वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, 'बाबा', 'दादा' असे बोबडे आवाज काढत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
• दीड वर्षापर्यंत चालत नाही, किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही.
• दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडत नाही.
• कोणत्याही वयात, आलेले बोलणे वा आलेले कौशल्य नाहीसे होते.

यांतील शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर मानावे. अशा वेळी एक आठवडाही दवडू नये.

आमच्याकडून झालेली एक चूक

येथे एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी लसीकरणासाठी आलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या आईने, मुलगी बोलत नाही, असे सांगितले होते. मुलगी हसतमुख होती, खुणा समजत होती, आईच्या मागे मागे फिरत होती. "बोलेल हळूहळू, काळजी करू नका," असे आम्ही सांगितले. आईने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तीच मुलगी चार वर्षांची झाल्यावर पुन्हा आली, तेव्हा श्रवणचाचणी झाली आणि तिला दोन्ही कानांनी फारच थोडे ऐकू येते असे निष्पन्न झाले. जी भाषा कानावर पडलीच नाही, ती जिभेवर येणार कोठून? श्रवणयंत्र व वाचाउपचार सुरू झाले, आज ती बोलते. परंतु भाषा शिकण्याच्या सर्वांत सुपीक काळातील दोन वर्षे तिने गमावली आणि ती आमच्या एका वाक्यामुळे गमावली.

तेव्हापासून लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत मुलाचे ऐकणे, पाहणे, बोलणे व खेळणे यांविषयी आम्ही आईला न चुकता विचारतो. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची आधी श्रवणचाचणी करवून घेतो. "याचा बाप पण उशिरानंच बोलला होता" हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते खरेही असेल, पण तपासणी केल्याने काही बिघडत नाही आणि न केल्याने बिघडू शकते.

हट्ट, भीती आणि ओले अंथरूण

दीड ते तीन वर्षांच्या मुलाने हट्ट करणे हे बिघडल्याचे लक्षण नसून वाढल्याचे लक्षण आहे. 'मी' नावाचे कोणीतरी आहे, हे त्याला नुकतेच उमगलेले असते. हवे-नको पुष्कळ असते, ते सांगायला शब्द अपुरे असतात आणि संताप आवरणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असतो. बाजारात फुगा न मिळाल्याने लोळण घेणाऱ्या मुलाला त्या क्षणी उपदेश कळत नाही आणि चापटीने तो फक्त घाबरतो. त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे, जवळ थांबावे, आवाज खाली ठेवावा. "तुला फुगा पाहिजे होता, मिळाला नाही, म्हणून राग आला" असे त्याच्या भावनेला शब्द द्यावेत. मात्र एकदा 'नाही' म्हटलेली वस्तू रडण्यापुढे हरून देऊ नये. आई नाही म्हणते, आजोबा देतात आणि वडील मारतात, अशा घरात मुलाला कोणताच नियम कळत नाही. घरातील मोठ्यांनी मुलाच्या मागे एकमत करावे आणि त्याच्यासमोर ते पाळावे.

आठ-नऊ महिन्यांपासून परक्या माणसाला पाहून रडणे, आई दृष्टीआड होताच कासावीस होणे हेही स्वाभाविक आहे. अंधाराची, फटाक्यांची, स्वप्नातल्या राक्षसाची भीती तीन-चार वर्षांच्या वयात येते व बहुधा ओसरते. "बागुलबुवा येईल", "पोलीस धरून नेईल", "डॉक्टर सुई टोचतील" अशी भीती घालून मुलाला जेवू घालू नये वा झोपवू नये. दिवसा घातलेली भीती रात्री स्वप्नात उतरते. शिवाय आजारपणात ज्या डॉक्टरकडे यायचे, त्याच्याच नावाने भीती घातली तर तपासणी कशी व्हावी?

अंथरूण ओले करणे पाच वर्षांपर्यंत आजार समजू नये. पुढेही पुष्कळ मुलांत ते आपोआप थांबते. मूल हे मुद्दाम करीत नाही, त्याची झोप गाढ असते. त्यास भावंडांसमोर लाजवू नये, चटका देण्याचे भय तर कदापि दाखवू नये. बद्धकोष्ठ असल्यास त्याचा उपचार करावा, सायंकाळनंतर पाणी बेताने द्यावे, झोपण्यापूर्वी लघवीस न्यावे. परंतु अनेक महिने कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, तर दोन गोष्टी पाहाव्यात : शरीरात काही बिघाड आहे काय, आणि घरात काही घडले आहे काय? नवे भावंड, घरातील मृत्यू, रोजचे भांडण, गाव सोडणे, कोणी केलेला दुर्व्यवहार, यांपैकी एखादी गोष्ट मूल तोंडाने सांगू शकत नाही, तेव्हा ते शरीराने सांगते.

कोयता आणि मूल

आपल्या जिल्ह्यातील हजारो मुलांच्या बाबतीत असे काही दरवर्षी, ठरलेल्या ऋतूत घडते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांत व तांड्यांवर हे नेहमीचेच आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तान्हे मूल बरोबर जाते व फडाच्या कडेला झोळीत वा कोपीत वाढते, तर थोडे मोठे मूल आजी-आजोबांजवळ राहते. दोन्ही वाटांवर मुलाच्या वाट्याला काही ना काही तुटणे येतेच.

साडेतीन वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चांगले बोलणारे पोर महिन्याभरापासून मुके झाले होते, अंथरूण ओले करीत होते आणि रात्री उठून दाराशी जाऊन बसत होते. श्रवणचाचणी झाली, इतर तपासण्या झाल्या, त्यांत दोष आढळला नाही. मग आजीला शांतपणे विचारले, तेव्हा उलगडा झाला. आई-वडील पहाटे ट्रॅक्टरवर बसून गेले होते. पोर रडेल म्हणून त्याला झोपेतच ठेवून गेले होते. मूल झोपले तेव्हा आई होती, जागे झाले तेव्हा नव्हती. झोपले की माणसे जातात, असा अर्थ त्या जिवाने लावला. मग त्याने झोपावे तरी कसे?

आम्ही जे सुचविले त्यात महागडे काहीच नव्हते. रोज संध्याकाळी दिवेलागणीला, ठरल्या वेळी, आईने फोन करावा, दोन मिनिटे का होईना. आईचे वापरलेले लुगडे मुलाला अंगावर घ्यायला द्यावे, ते धुऊ नये. दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी व आई येण्याचा महिना मुलाला चित्रासारखा दाखवावा. आजीने त्याला बोलण्याचा आग्रह न करता त्याच्याशी बोलत राहावे, भाकरी थापताना, शेळी सोडताना, पाणी भरताना. अंगणवाडीत रोज न्यावे. दोन महिन्यांनी ते मूल पुन्हा बोलू लागले, ओले अंथरूण मात्र बराच काळ राहिले.

पुढच्या हंगामापूर्वी ती आई स्वतः आली. "न जाऊन भागत न्हाई, उचल घेतलीया," ती म्हणाली. तिला जाऊ नको असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही एवढेच सांगितले की, या वेळी जाताना त्याला उठवा, सांगा, रडू द्या. तिने तसे केले. मूल दोन दिवस रडले, पण बोलायचे थांबले नाही. निरोप घेतलेल्या माणसाची वाट पाहता येते. न सांगता गेलेल्या माणसाची फक्त धास्ती उरते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या, बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या वा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या आई-वडिलांनीही हे ध्यानात ठेवावे.

भूकंपाने शिकविलेले

मोठ्या आघाताचा मुलांवर काय परिणाम होतो, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व परिसरातील गावे दगडमातीखाली गेली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निराधार मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी व पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. घरे पुन्हा बांधली गेली, शाळा उभ्या राहिल्या. मनाच्या पडझडीची मोजदाद मात्र त्या वेळी घरोघरी कोणी करू शकले नाही.

तेव्हा पाच-सहा वर्षांची असलेली मुले आज स्वतः आई-वडील आहेत. आजही एखादा पिता आमच्यासमोर बसून सांगतो की, जमिनीतून गूढ आवाज आला की तो मुलांना घेऊन अंगणात धावतो. मूल भीती शिकते ती प्रथम आई-वडिलांच्या चेहऱ्यावरून. म्हणून मुलाला धीर देण्याची सुरुवात मोठ्यांनी स्वतःची भीती बोलून दाखविण्यापासून होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

संकटे थांबलेली नाहीत. दुष्काळ व कर्जापायी घरातील कर्ता गेलेली मुले या जिल्ह्यात आहेत. शासनाने २०१५ साली बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळसह आपलाच जिल्हा निवडला, यातच या दुःखाची खोली कळते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा, भूम भागांतील मुलांनी घरात पाणी शिरताना पाहिले. अशा मुलाला काय सांगावे, असे नातेवाईक विचारतात. खरे सांगावे, पण त्याच्या वयाला झेपेल अशा थोड्या व सोप्या शब्दांत. "बाबा देवाघरी झोपलेत" वा "गावाला गेलेत" असे म्हटल्यास मूल झोपेला घाबरते किंवा वर्षानुवर्षे वाट पाहते. "बाबा वारले, ते आता परत येणार नाहीत, पण आई आणि आजी तुझ्याजवळ आहेत, आणि यात तुझी काही चूक नाही," हे शेवटचे वाक्य अवश्य उच्चारावे. लहान मूल पुष्कळदा, आपण हट्ट केला म्हणून हे झाले, असे मनात धरून बसते. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा शक्य तितक्या पूर्वीसारख्या ठेवाव्यात. मूल पुराचा वा अंत्ययात्रेचा खेळ खेळू लागले तर दटावू नये. त्या खेळातूनच ते आपली भीती पुन्हा पुन्हा हाताळून लहान करीत असते. मात्र महिना उलटूनही झोप, भूक व खेळ परतत नसेल, तर तज्ज्ञांकडे न्यावे.

भाषा आणि मोबाइल

उमरगा, नळदुर्ग या सीमाभागांत घरी कन्नड, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात उर्दू आणि शाळेत मराठी, असे अनेक मुलांचे असते. अनेक भाषांमुळे मूल उशिरा बोलते, हा समज चुकीचा आहे. आई ज्या भाषेत अंगाई गाते व रागावते, त्याच भाषेत तिने मुलाशी भरपूर बोलावे.

बोलणे उशिरा येण्यास मोबाइल मात्र हातभार लावू शकतो, कारण मोबाइल बोलतो पण ऐकत नाही. मूल काय म्हणाले याची तो वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासाहून अधिक नाही, त्याहून कमी तितके बरे. घास भरविण्यासाठी मोबाइल हाती देणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाही. शेत, घर व सासर सांभाळताना तिला दुसरे हात कोणी दिलेले नसतात. म्हणून हा सल्ला आम्ही आईला न देता संपूर्ण घराला देतो : जेवताना कोणीतरी एकाने मुलाशी चिऊ-काऊची गोष्ट बोलावी. वडिलांनीही.

नवस करावा, तपासणीही करावी

आई तुळजाभवानी आणि येरमाळ्याची येडेश्वरी यांच्यावर या भूमीची श्रद्धा आहे. नवस बोलणाऱ्या आईच्या मनाला बळ मिळते, त्याला आमचा विरोध नाही. नवस फेडायला जावे आणि परतताना तपासणीही करून घ्यावी. मात्र सुरू असलेले आकडीचे औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये, डाग देऊ नये, आणि स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात वा गतिमंदता असलेल्या मुलासाठी आईच्या पायगुणाला, ग्रहणाला वा मागल्या जन्माला जबाबदार धरू नये. अशा मुलाच्या आईला घरातील चार माणसांचा आधार मिळाला, तर उपचार निम्मे सोपे होतात. तिला बोल लावला, तर ती मुलाला घेऊन बाहेर पडणेच बंद करते आणि मुलाचे उपचार तेथेच थांबतात.

मदत कोठे मिळते

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला, मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. आज गावोगावी असलेली अंगणवाडी ही मुलाची पहिली पायरी आहे. २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघर येथून, सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मतः असलेले व्यंग, आजार, जीवनसत्त्वादी कमतरता व विकासातील विलंब या चारही गोष्टी त्यात पाहिल्या जातात व पुढील उपचार मोफत असतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला शेतावर न नेता अंगणवाडीत पाठवावे आणि आपली शंका स्वतः सांगावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारांना मान्यता असून स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यास पालक संकोचतात, "शिक्का बसेल" असे म्हणतात. प्रमाणपत्राने मूल बदलत नाही, त्याला हक्काच्या सवलती मिळतात. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत पात्र मुलांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो व त्यातून बाह्यरुग्ण उपचारांचाही काही खर्च निघतो. मन फार खचले असेल तर पालकांनी स्वतःसाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक लावावा. मुलावर अत्याचाराची शंका असल्यास १०९८ वर कळवावे.

आपल्या साहाय्याचा अर्थ

औषधाची बाटली दिसते, शस्त्रक्रियेचे यंत्र दिसते. एका आईशी तासभर बोलणे दिसत नाही, पण त्या एका तासासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, शांत खोली लागते, जमिनीवर अंथरायला सतरंजी व चार लाकडी खेळणी लागतात, आणि दर आठवड्याला येण्यासाठी त्या आईला बसभाडे लागते. वाचाउपचार अर्ध्यावर सुटण्याचे प्रमुख कारण आमच्या पाहण्यात पालकांची अनास्था नसून बुडालेली मजुरी हे आहे. देणगीदारांनी दिलेला पैसा या विभागात बसभाड्यालाही खर्च होतो, हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही.

पालकांना शेवटची विनंती एकच. आपल्या मुलाविषयी मनात शंका आली, तर ती दाराशी जाताना विचारू नका, आत येताच विचारा. आम्ही "बोलेल हळूहळू" असे म्हणालो, तर पुन्हा विचारा. बाहेरची रांग मोठी असली, तरी त्या प्रश्नासाठी ती थांबेल.